थीरामावशीची तेविसावी रांग

आस्गेर थोरूपला स्पेनच्या मायोर्का बेटावर जायचं नव्हतं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून लेकीने तिकिटं हातात ठेवली आणि त्या दिवसापासून या माणसाचं एकेक अंग दुखायला लागलं. आधी पाठ, मग गुडघा, मग दाढ. रिग्मोरने तिन्हींची सोय केली. पाठीला पट्टा आणला, गुडघ्याला मलम आणलं, आणि दाढ दाखवायला त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. दाढ ठणठणीत निघाली.

"आता काय दुखतंय?" परतताना गाडीत तिने विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड कशाला पाडलंयस? आठ दिवस ऊन खायचंय, तुरुंगात नाही जायचं."

बाहेर बटाट्याची शेतं होती, ती तो बघत बसला.

गंमत अशी, की या दोघांचा सगळा संसार विमानांवर झालेला. आमच्या पश्चिम युटलंडात 'लेर्के' नावाची विमान कंपनी होती, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. लेर्के म्हणजे चंडोल. कंपनी काढली विलाड्स कीर्कने. हा मूळचा बसवाला. शेतकऱ्यांना बसमध्ये भरून इटली दाखवायला न्यायचा. एकदा आल्प्सच्या घाटात बस बंद पडली, तीस माणसं बर्फात दोन दिवस शिळ्या राय-पावावर काढून घरी आली, आणि विलाड्सने कानाला खडा लावला. पुढच्या वर्षी त्याने लष्कराचं जुनं, दोन पंख्यांचं विमान घेतलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं आणि मग तिकिटासाठी त्याच्याच दारात रांग लावली. आमच्याकडे असंच असतं.

विलाड्सला आईबाप नव्हते. चार अविवाहित मावश्यांनी त्याला वाढवलेलं. म्हणून जे विमान यायचं त्याला एका मावशीचं नाव लागायचं. पहिलं आस्तामावशी. खरी आस्तामावशी बारा महिने सर्दीने गळायची आणि विमानही छतातून गळायचं. पावसात दोन-तीन रांगांना छत्र्या वाटाव्या लागत. दुसरं पेत्रेआमावशी, चार पंख्यांचं, तेल पिण्यात कोणाला हार न जाणारं. तिसरं डाग्नीमावशी, इंग्रजांकडून जुनं घेतलेलं. ते कधी बिघडलं नाही, कधी उशिरा आलं नाही, आणि म्हणून त्याचं कौतुकही कधी कोणी केलं नाही. चौथं थीरामावशी. ते जेट. गावाच्या अंगावरून पहिल्यांदा गेलं तेव्हा गाईंनी दोन दिवस दूध दिलं नाही म्हणतात. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण विलाड्सचा ऊर भरून आला होता. वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणाला, "काही वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठी स्तुती नसते.

रिग्मोर या चारही मावश्यांत हवाईसुंदरी होती. शब्द तिला आवडायचा नाही. "सुंदर दिसायला वेळ कुठे होता?" ती म्हणायची. "शंभर माणसांना बटाटे आणि तपकिरी रस्सा वाढायचा, तोही ढगात." कारण आमची माणसं स्पेनला जाताना स्पॅनिश खायला तयार नसत. आस्गेर खाली कारखान्यात होता, विमानदुरुस्तीचा प्रमुख. त्याच्या सहीशिवाय एकही मावशी जमीन सोडत नसे. कमी बोलणारा, हळू बोलणारा. चाळीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला रिग्मोरने ऐकला नव्हता.

प्रत्येक विमानात एक निस्से असायचा. घराला निस्से हवाच. हा बुटका, लाल टोपीवाला राखणदार गोठ्यात नाहीतर माळ्यावर राहतो, नाताळात त्याला लोणी घातलेली भाताची खीर ठेवायची, आणि त्याला हाकललं तर घराचं वाटोळं होतं. विलाड्सच्या मावश्यांनी हट्टच धरला, की राखणदार नसलेल्या विमानात आमची नावं नकोत. मग आस्गेरने प्रत्येक विमानाच्या मागच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या कपाटाच्या दाराला आतून, उरलेल्या रंगाने एकेक निस्से काढला. चित्रकलेत हा माणूस 'ढ' होता. थीरामावशीतल्या निस्सेचा एक डोळा बशीएवढा आणि एक वाटाण्याएवढा झाला होता. "हा काय राखण करणार? याला आधी चष्मा लाव," असं रिग्मोर त्याला म्हणाली होती. तरी दर नाताळात वाटीभर खीर त्या कपाटात ठेवायला ती विसरली नाही.

मग चौऱ्याऐंशीचा मार्च आला. स्पेनच्या लास पाल्मास विमानतळावर उतरताना थीरामावशीचं नाक जास्त उचललं गेलं आणि शेपूट धावपट्टीवर घासलं. रिग्मोर अगदी मागच्या, भिंतीला लावलेल्या खुर्चीत बसली होती. तो पत्रा फाटण्याचा आवाज तिच्या दातांत जाऊन बसला. माणसं सगळी वाचली. विमान रिकामं, हळूहळू, कमी उंचीवरून उडवत घरी आणलं. कंपनी आधीच गळ्याशी आली होती. दोन महिन्यांत ती बंद झाली. विलाड्सने सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं, कॉफी आणि बदामाचा गोड क्रिंगल-पाव दिला आणि उभं राहून सांगितलं, "डाग्नी नॉर्वेला चालली. थीराचं काही होण्यासारखं नाही. ती भंगारात दिली." शेजारी आस्गेर उभा होता. त्याने मान हलवली. त्या रात्री रिग्मोर एखादं माणूस गेल्यासारखी रडली, आणि आस्गेर तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. विलाड्स पुढच्याच वर्षी गेला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली होती.

विमानतळावर गर्दी होती. 'सोलविंद' या नव्या कंपनीचं विमान होतं. रिग्मोर आणि बरोबर निघालेली आठ वर्षांची नात, मालेने, या दोघी सामान देऊन आल्या तेव्हा आस्गेर मोठ्या काचेपाशी उभा होता. बाहेर पिवळ्या पट्ट्याचं विमान उभं होतं आणि त्याच्या पोटाखाली तेलाची गाडी लागली होती.

"आजोबा, आपलं तेच का?" मालेनेने विचारलं.

"हो," आस्गेर म्हणाला. त्याच्या ओठांना रंग नव्हता.

"रिग्मोर, आपण घरी जाऊ या का?" तो म्हणाला.

"आता काय दुखतंय?"

"नाही, म्हणजे... समुद्र काय आपल्याकडेही आहे."

"आस्गेर थोरूप," रिग्मोर हसून म्हणाली, "एवढी वर्षं लोकांना विमानात चढवलंस, आणि आता स्वतः चढायचं तर पाय लटपटतात! तुझ्या लेकीला काय सांगू, समुद्र आपल्याकडेही आहे म्हणून?"

मालेने तर रडकुंडीलाच आली. पोहायचा नवा चष्मा तिने घरून निघतानाच गळ्यात घातला होता. आस्गेरने तिच्याकडे पाहिलं, परत काचेबाहेर पाहिलं.

"कुठल्या रांगेत आहोत आपण?" त्याने विचारलं.

"तेवीस. अगदी मागे. मला बरं, माझ्या जुन्या स्वयंपाकघराजवळ."

यावर आस्गेरने जे केलं ते बघून रिग्मोरचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आयुष्यात कधी रांग न मोडलेला हा माणूस सरळ बसलेल्या लोकांमध्ये शिरला आणि एकेकाला जागा विचारत फिरू लागला. शेवटी एका तरुण बाईपाशी थांबला. तिच्या कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ होतं, शेजारी नवरा होता, आणि बाळ आहे म्हणून त्यांना पहिल्या रांगेतल्या तिन्ही जागा मिळाल्या होत्या. आस्गेर टोपी हातात घेऊन तिच्याशी बोलत होता आणि गुडघ्याकडे बोट दाखवत होता. बाई हसली, मान हलवली, नवऱ्याच्या खिशातून तिकिटं काढून दिली.

"लाज नाही वाटत?" तो परत आल्यावर रिग्मोर म्हणाली. "लेकुरवाळ्या बाईची जागा मागून घेतलीस?"

"गुडघा वाकत नाही मला मागे."

"काल बागेत तासभर उकिडवा बसला होतास!"

"आज दुखतोय," आस्गेर म्हणाला, आणि विषय संपला.

विमानात सगळं नवं होतं. निळ्या खुर्च्या, नवे पडदे, भिंतींना पांढरा प्लॅस्टिकचा मुलामा. तरी आत पाऊल टाकल्याबरोबर रिग्मोरला कसंसंच झालं. आपण बाजारातून परक्या घरी शिरावं आणि तिथे आपल्याच माजघराचा वास यावा, तसं. सगळी जेटं आतून सारखीच, असं म्हणून तिने ते बाजूला सारलं. आस्गेर खिडकीशी बसला आणि बसल्या बसल्या पट्टा घट्ट आवळून घेतला. मालेने मध्ये.

निघायला वेळ होता. एका प्रवाशाचं सामान उतरवायचं होतं म्हणे. रिग्मोर उठली. "मागे जाऊन येते. बघू तरी हल्लीच्या पोरी कॉफी कशी करतात."

"कशाला जातेस? बस ना!"

"तू बस. तुझा गुडघा दुखतोय."

मागे हेले नावाची हवाईसुंदरी कप लावत होती. रिग्मोरने आपली ओळख दिली तशी पोरगी खुलली. "लेर्के? अय्या, माझी आजी तुमच्या विमानातून रिमिनीला गेली होती! म्हणायची, इटलीत पोचेपर्यंत बटाटेच खाल्ले!"

"मीच वाढले असतील," रिग्मोर म्हणाली. "कॉफीचं कपाट इथेच का अजून?"

"इथेच. दार जरा अडकतं."

दार खालून किंचित उचलून ओढायचं असतं, हे रिग्मोरच्या हाताला तिच्या आधी आठवलं. दार उघडलं.

आतून निस्से तिच्याकडे बघत होता. एक डोळा बशीएवढा, एक वाटाण्याएवढा.

पहिल्या क्षणी, खरं सांगायचं तर, तिला आनंदच झाला. 'अरे, तू!' असं ती मोठ्याने म्हणणार होती. मग आनंद होता तिथेच गोठला. भंगारात दिलेल्या विमानाचं कपाट असं कसं उघडेल? कोणी दार काढून दुसऱ्या विमानाला लावलं असेल, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. वर पाहिलं. खिडकीशेजारच्या पट्टीवर, तिची पर्स अडकवायला आस्गेरने पेत्रेआमावशीतून काढून इथे बसवलेली आकडी तिथेच होती.

ही थीरामावशी होती. ही भंगारात गेलीच नव्हती.

तिने कपाटाची कड धरून पुन्हा दाराकडे पाहिलं. कपाट आतून-बाहेरून नव्याने पांढरं रंगवलेलं होतं, कोपरान्‌कोपरा. फक्त निस्सेवर रंग नव्हता. टोपीच्या टोकाभोवतून, दाढीच्या कडेकडेने, बुटांच्या मधल्या बोटभर फटीतूनसुद्धा ब्रश फिरला होता. विमानाचं रूपडं पालटून विकायला काढणाऱ्याने जुन्या खाणाखुणा सगळ्या पुसल्या होत्या. निस्सेला हात लावायचं धाडस मात्र त्याला झालं नव्हतं. परका माणूस असता तर एका फटकाऱ्यात चित्र बुजवून मोकळा झाला असता. निस्सेला वळसा घालून रंगवणारा माणूस आमच्याच मातीतला. आणि हे ध्यान आपलं स्वतःचं म्हणून जपणारा माणूस जगात एकच होता.

"बरं नाही वाटत का तुम्हाला?" हेलेने विचारलं. "पाणी देऊ?"

"नको," रिग्मोर म्हणाली. तिला तिचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

चाळीस वर्षं. त्या रात्री ती रडत होती आणि तो पाठीवर हात ठेवून बसला होता. त्या हाताला तेव्हा पांढऱ्या रंगाचा वास असणार, आणि तिला तो आला नव्हता.

ती पुढे निघाली. तेविसाव्या रांगेत ती तरुण आई बाळाला बाटलीने दूध पाजत होती. तिने रिग्मोरकडे बघून मान डोलावली. "गुडघा कसा आहे त्यांचा?"

रिग्मोरने काहीतरी उत्तर दिलं असेल. ते तिला आठवत नाही.

पहिल्या रांगेत येऊन तिने मालेनेच्या कानाला गाण्यांचं यंत्र लावून दिलं आणि पोरीच्या डोक्यावरून आस्गेरकडे वाकली.

"निस्से मागे आहे," ती म्हणाली.

आस्गेरने डोळे मिटले. बस्स, तेवढंच. नाही म्हणाला नाही, कुठला निस्से असं विचारलं नाही. तो असं विचारेल अशी तिला आशा होती, हे तिला तेव्हा कळलं.

"भंगारात दिली म्हणालात तुम्ही दोघं."

"विलाड्सने विकली. तुर्कांना. तिकडून मग आणखी कुठे, आणि दोन वर्षांपूर्वी यांच्याकडे आली. मला डोक्यावरून जाताना दिसली एकदा. आवाजावरून कळलं."

"आणि शेपूट?"

तो खिडकीकडे वळला.

"आस्गेर, शेपूट कोणी नीट केलं?"

"मी." तो खालच्या आवाजात, भराभर बोलू लागला. "घासलेला पत्रा सगळा कापून काढायला हवा होता. नवा बसवायचा तर शेपटाचा निम्मा सांगाडा उघडावा लागला असता. तेवढे दिवस नव्हते, माणसं नव्हती. विलाड्स माझ्यापुढे रडला, रिग्मोर. म्हणाला, ही विकली नाही तर एकाचाही शेवटचा पगार होणार नाही. तुझाही त्यातूनच झाला. मी ओरखड्यांवरून दुसरा पत्रा ठोकला. वरून रंग दिला. आणि सही केली."

"आणि खालचे ओरखडे?"

"आतच आहेत."

"ते वाढतात. तूच सांगायचास पोरांना. काचेला तडा जावा तसे वाढतात."

"अकरा वर्षं उडतेय ती. काही झालंय का? दर वर्षी म्हणायचो, आता पुढच्या वर्षी काढतील मोडीत. म्हातारी झालीय. झाकली मूठ—"

"माणसं आहेत या मुठीत!" रिग्मोर म्हणाली, आणि मालेनेने मान वर केली म्हणून तिने आवाज गिळला. "घरी का नाही बोललास?"

"यांच्याकडे सहा विमानं आहेत. हेच कशाला लागेल, म्हटलं."

"आणि हेच लागलं तेव्हा?"

आस्गेरने तिच्याकडे न बघता मालेनेचा पट्टा आणखी थोडा आवळला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. गुडघा. पहिली रांग. टोपी हातात घेऊन उभं राहणं. शेपूट गळून पडलं तर पुढचा भाग जणू एकटाच मायोर्काला पोचणार होता! एवढं आयुष्य विमानं उघडण्यात गेलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण भ्यालेल्या माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतात. आणि त्याच्या हातांनी आपला तो बाब्या उचलून पुढे ठेवला, लोकाचं ते कार्टं मागे. रिग्मोरला या माणसाची किळस आली, आणि ती येऊ शकते याचंच तिला सगळ्यात जास्त नवल वाटलं.

"ऊठ," ती म्हणाली. "कप्तानाला सांग."

"तुरुंगात जाईन मी."

"जाशील."

"लेकीला काय सांगू? गावात काय तोंड दाखवू?"

"ऊठ, आस्गेर."

तो उठला नाही. मग तीच उठली आणि चालकाच्या खोलीचं उघडं दार वाजवलं.

कप्तान मॅस हा तिशी-पस्तिशीचा, उन्हाने रापलेला पोरगा होता. तो बाहेर येऊन नम्रपणे उभा राहिला. रिग्मोरने त्याला सगळं सांगितलं: मावशीचं नाव, लास पाल्मास, शेपटाखालचा पत्रा. सांगताना तिच्याच लक्षात आलं, की हे किती येडपटासारखं ऐकू येतंय. पुरावा काय, तर कपाटातला दोन मापांच्या डोळ्यांचा बुटका.

"बाई," मॅस म्हणाला, "विमान गेल्याच महिन्यात तपासून आलंय. सगळी कागदपत्रं चोख आहेत."

"चोखच असणार. शेपटाची माझ्या नवऱ्याने केलीत."

मॅसने आस्गेरकडे पाहिलं. "तुम्ही इंजिनियर होता? या म्हणतात ते खरं आहे का?"

पुढच्या दोन-तीन रांगांतले लोक कान टवकारून बसले होते. आस्गेरने मान वर केली. त्याचा चेहरा शांत होता, हँगरमध्ये विलाड्सच्या शेजारी होता तसाच.

"माफ करा," तो म्हणाला. "आमच्या हिचं अलीकडे जरा गोंधळतं. वय झालं. जुन्या गोष्टी एकात एक मिसळतात. त्यातून विमानात बसली की घाबरते."

रिग्मोरचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. थीरामावशी जिवंत असल्याचा धक्का तिने पचवला होता, सहीचाही कसाबसा पचवला होता. पण हे तिच्या डोळ्यांत बघून, इतक्या मऊपणे, तिच्या नाकासमोर? तिला वेडी ठरवताना त्याने तिचा हातसुद्धा हातात घेतला.

"असं असेल तर बाईंना खाली उतरवू का?" मॅसने विचारलं. त्याच्या आवाजात दया होती. ती दया तिला थपडेपेक्षा जास्त लागली.

तिने हात सोडवून घेतला. आता ओरडून उपयोग नव्हता. ओरडणारी म्हातारी सगळ्यांनी पाहिली असती आणि विमान उडालं असतं. ती एकटी नातीला घेऊन उतरली असती, तरी उडालं असतं.

"नको," ती म्हणाली. "हे म्हणतात ते खरं असेल. विमान धड आहे, मी गोंधळले." मग तिने मालेनेच्या कानावरचं यंत्र काढलं. "चल गं. या जागा त्या बाळाच्या आईच्या आहेत. आजोबांनी उगाच मागून घेतल्या. आपल्या मागे आहेत, तेविसाव्या रांगेत."

"खिडकीची मला?"

"खिडकीची तुला."

पोरीला तेवढंच हवं होतं. पट्टा सोडून, गळ्यातला चष्मा सावरत ती मधल्या वाटेने पळत सुटली. रिग्मोर तिच्या मागून चालू लागली. तिने वळून पाहिलं नाही. एका पोराला आपण आमिष म्हणून पुढे केलंय हे तिला चांगलं कळत होतं, आणि तरी ती चालत राहिली. मागे तेविसाव्या रांगेत नवरा उठून वाटेत उभा राहिला होता, आणि ती तरुण आई सगळं न समजून अर्धवट उठली होती, जागा द्यायला.

मालेने तिथे पोचली, आईच्या शेजारून आत घुसली आणि खिडकीशी बसली. "आजोबा! या ना!"

"नको!"

विमानातलं बाळ दचकून रडायला लागलं. कोणाला आधी कळलंच नाही, आवाज कुठून आला. आस्गेर पहिल्या रांगेत उभा होता, समोरच्या भिंतीला हात टेकून, आणि ओरडत होता. आयुष्यभर साठवलेला आवाज त्याने एकदमच बाहेर काढला होता. "मालेने, मागे नको! तिथे नको बसू! ऊठ! ऊठ तिथून!"

मग तेलाच्या गाडीची घरघर आणि बाळाचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

मॅसचा चेहरा पालटला. त्याची दया कुठल्या कुठे गेली. "मागे का नको?" त्याने हळूच विचारलं.

आस्गेरची नजर सगळ्या डोक्यांवरून मागे नातीवर खिळली होती, आणि नातीच्या शेजारी ती आई उभी होती, रडणारं बाळ खांद्यावर घेऊन. ती त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. तिला अजून राग यायचा होता. दिवसाढवळ्या कोणी आपल्याला ढकलून द्यावं आणि आपण अजून जमिनीवर पडलेलो नसावं, असा तिचा चेहरा होता.

"तुम्ही गुडघ्याचं सांगितलं होतंत," ती म्हणाली.

बाळाच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता.

"आणि आम्ही?"

विमानभर माणसं आस्गेरच्या उत्तराची वाट बघत बसली होती, आणि तो खाली बसला, हळूहळू, दोन्ही गुडघे व्यवस्थित वाकवून.

मॅसने चालकाच्या खोलीत जाऊन सगळं बंद करायला सांगितलं आणि हेलेला जिना परत मागवायला लावला. दार पुढचंच होतं. म्हणजे प्रत्येकाला पहिल्या रांगेवरून जाणं भाग होतं. कोणी त्याला काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. प्रत्येक जण फक्त क्षणभर थांबून, नीट बघून पुढे गेला.

सगळ्यांत शेवटी तेविसावी रांग आली. रिग्मोरने एका हाताने मालेनेला धरलं होतं, दुसऱ्या हातात त्या बाईची बाळाची पिशवी होती.

"रिग्मोर," आस्गेर म्हणाला.

तिने त्या बाईला पुढे जाऊ दिलं, आणि तिच्यामागून जिना उतरून गेली.